अंदमानात माझा विषय निघालाच नाही

प्रिय आई,

शाळेत मराठीच्या पेपरला 'आईस पत्र लिहा' असं यायचं, तेव्हा मी दरवेळी वसतिगृहात राहतोय असं खोटंच लिहायचो. तू पेपर बघून विचारायचीस, "व्हय रं, जेवाय बरं देत्यात का तिथं?" आजचं पत्र खरं आहे. आज दुपारी दुकानात पप्पांनी मला एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला तुझा असा राग आलाय की धाकट्या सायलीशी धड बोलवेना, घास गिळवेना. तुझ्यावरचा राग घेऊन मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ?

तू पप्पांना सांगितलंच नव्हतंस, आई!

रविवारी पाटणला प्रणालीला बघायला पाहुणे येणार आहेत. आणि तू गेल्यापासून मी एकाच समजुतीवर दिवस ढकलत होतो, की पप्पांना सगळं माहीत आहे, तू अंदमानात त्यांच्या कानावर घातलं आहेस, ते फक्त वेळ बघतायत. कसली वेळ आणि कसलं काय! त्यांना तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

ठरलं कसं होतं, आठवतंय ना? कराडचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, प्रॅक्टिकलच्या सरांशी भांडून, बॅग उचलून सरळ सांगलीची एसटी धरली. दारात उभा राहिलो तर तू म्हणालीस, "जेवलास का?" पप्पा तेवढ्यात आतून आले, बॅग बघितली, माझ्याकडे बघितलं, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाले, "जरा जाऊन येतो." झालं! आपल्या घरात कुठलीही अवघड गोष्ट निघाली की तिचा शेवट हाच. आत्याच्या जागेचा वाद असो, नाहीतर सायलीच्या क्लासचा. पप्पा उठले की विषय बसला.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं मी तुला प्रणालीचं सांगितलं. तू भाकरी थापत होतीस.

"कुठली रं?"

"पाटणची. कॉलेजला बरोबर होती. तिनं पुरं केलं, आता कराडला लॅबमध्ये आहे."

"मानसं कशी हायती?"

"वडील शिक्षक आहेत. बौद्ध आहेत ते, आई."

तव्यावरची भाकरी करपली. तुझ्या हातून भाकरी करपताना मी त्याआधी कधी बघितली नव्हती. मग तू ती बाजूला काढून ठेवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला काय न्हाई रं. पोरगी शानी असली की झालं. पर तुझ्या पप्पास्नी सांगायचं म्हंजे… ते चप्पल घालून निगून जानार. अन् आत्याच्या घरी जाऊन बसले तर मग काय बगायलाच नको."

आणि अंदमानची कल्पना तुलाच सुचली ना! गल्लीतल्या बायकांनी जोडप्यांची सहल काढली होती. अट एकच, पोरं बरोबर घ्यायची नाहीत. तू आधी नाव दिलं नव्हतंस. त्या संध्याकाळी दिलंस. मला म्हणालीस, "चारी बाजूंनी पानी. जातील कुठं उठून? तिथं सांगते बग. ऐकाय लागंल गपगुमान!" असली हसलीस म्हणून सांगू, पदर तोंडाला लावून. एवढी हुशार बाई म्हसवडच्या दुष्काळी माळावर कशी निपजली, असं मी म्हणालो आणि तू मला उलथनं दाखवलंस.

निघताना तू आम्हाला किती सूचना दिल्यास! दूध दोनदा तापव, सायलीला एकटीला क्लासला पाठवू नको, गॅस खालून बंद कर. आणि अंदमानला जाताना डब्यात काय, तर भडंग! पप्पा म्हणाले, "आगं, समुद्रावर भडंग खानार का?" तू म्हणालीस, "आवं, समुद्रावर काय मासंच खायाचं असतंय व्हय!"

विमान उतरल्यावर तुझा पहिला फोन आला तो कुजबुजतच. मला वाटलं, बोललीस! तर तू म्हणालीस, "ओंक्या, घात झाला. हितं बी यांना आपल्याकडचा मानूस घावला रं!"

खरंच, आपल्या विटा-खानापूरकडचे लोक सोनं गाळायच्या धंद्यापायी देशात कुठे म्हणून पोचायचे राहिलेत? पोर्ट ब्लेअरच्या बाजारात कुणीतरी गलाईवाला भेटला, त्याचं गाव आपल्या आत्याच्या गावाला लागून निघालं, आणि पप्पांना बसायला कट्टा मिळाला. तू हॉटेलात, पप्पा त्याच्या खोलीवर. चारी बाजूंनी पाणी असून माणूस निसटला! मी इकडे एवढा चिडलो होतो, तरी हसलो.

"आता उद्या बोटीनं धाकट्या बेटावर नेनार हायती," तू म्हणालीस. "तिथं तर कोन न्हाई. बघते."

त्या धाकट्या बेटावर गेल्यापासून तुझा फोन लागेना. मी सकाळी लावला, दुपारी लावला, सायलीला दहीभात कालवून देताना एका हातानं लावला. पप्पांचाही बंद. मी सायलीला सांगितलं, रेंज नसेल. मनात म्हटलं, आत्ता या क्षणाला आई माझं सांगत असेल. वाळूत बसून. मी प्रणालीला मेसेज केला, आज सांगतेय आई. तिनं विचारलं, "तुझ्या आईला मी कशी वाटले असेन रे, न बघताच?"

तू परत आलीस ती काळीसावळी होऊन, नाकाचा शेंडा सोललेला. सायलीच्या गळ्यात शिंपल्यांची माळ घातलीस. मी पप्पांची पाठ वळायची वाट बघत होतो. "सांगितलंस?" तर तू माझ्या केसांत हात घालून म्हणालीस, "बघते रं मी. तू नगो काळजी करू." आणि दुसऱ्याच दिवशी पप्पा मला म्हणाले, "उद्यापासून दुकानात येत जा." कॉलेज सोडल्यापासून जो माणूस माझ्याशी सरळ बोलत नव्हता, तो! मी काय समजायचं? मला वाटलं, तू सांगितलंस, त्यांनी गिळलं, आता मला कामाला लावून पोरीच्या बापाला दाखवण्याजोगा करतायत. मी त्या दिवशी किती खूश होतो, ते तू बघितलंस ना? बघितलंस आणि काही बोलली नाहीस.

मग तुला वेळच कुठे मिळाला? एका सकाळी ओट्यापाशी तू डोकं धरून खाली बसलीस. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत तू शुद्धीवर होतीस, सायलीच्या वेणीचं काहीतरी बोलत होतीस. त्यानंतर बोलली नाहीस. ते मला इथे लिहायचं नाही.

तुला ठाऊक नाही आई, तुझ्यानंतरचं दुकान कसं आहे. आधी मला ते दुकान वाटायचं. आता पिंजरा वाटतो. नवी तार भरायला आलेल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी दारापर्यंत रचलेल्या, वार्निशचा वास कपड्यांना, जेवणाला, उशीला. मध्ये तार गुंडाळायचं यंत्र, एका बाजूला पप्पा, एका बाजूला मी. आणि त्या कामाची रीत तुला माहितीये. फेरे मोजताना बोलायचं नाही. एक फेरा चुकला तर मोटर पुन्हा जळते, शेतकरी दारात येऊन शिव्या घालतो. म्हणून पप्पांचे ओठ हलत असले की मी गप्प. पूर्वी ते चप्पल घालून निसटायचे, आता बसल्या जागी मोजत निसटतात! मी तोंड उघडायला गेलो की ते हँडल फिरवायला घेतात. किती वेळा ठरवलं, ही तारेची गुंडी संपली की बोलायचं. गुंडी संपते, ते दुसरी लावतात.

सोडून जाऊ म्हणावं तर कुठे? सायलीची दहावी. पप्पांना चहात साखर किती टाकायची तेसुद्धा मला विचारावं लागतं. माझा मित्र म्हणाला, "पळवून ने रं गड्या, काय बघतोस!" मी ते प्रणालीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी काय बॅग आहे का तुझी, उचलली आणि एसटीत टाकली?" तुला ती आवडली असती गं. नाही, असं लिहिणार नाही. मला माहीत नाही तुला ती आवडली असती का.

आज दुपारी तिचा फोन आला. मी दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन घेतला.

"रविवारचं नक्की झालं," ती म्हणाली. "मुलगा पुण्यात आहे. माझे पप्पा खूश आहेत. ओंकार, मी घरात आता काय कारण सांगू?"

"थांब ना थोडं."

"कशासाठी थांबू तेवढं सांग. तुझी आई बोलली होती ना तुझ्या वडलांशी? मग ते अडलेत कुठे?"

"ते बोलतच नाहीत."

"मग तू बोल. का तूही त्यांच्यातलाच?"

ते शेवटचं मला इतकं झोंबलं! आत आलो. पप्पा हँडल फिरवत होते, ओठ हलत होते. मी रीतभात सगळी गुंडाळून ठेवली आणि ओरडलो, "आईनं तुम्हाला अंदमानात सांगितलंय ना? मग बोलत का नाही तुम्ही? तिचं लग्न झाल्यावर बोलणार काय?"

हँडल थांबलं. फेरे चुकले. मला वाटलं, आता पाना येतो अंगावर.

"काय सांगितलंय?"

"प्रणालीचं!"

"कोन प्रनाली?"

आई, मी तिथल्याच एका मोटरीवर बसलो. पप्पा माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर खोटं काहीच नव्हतं.

"तुझ्या आईनं तिकडं तुझा विषयच काढला न्हाई," ते म्हणाले.

"सहलभर? एकदासुद्धा?"

"न्हाई." मग त्यांनी तार हळूहळू उलटी सोडायला घेतली, आणि मान खाली घालून सांगायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. "त्या धाकट्या बेटावर सकाळी चहा झाला, तशी म्हनली, तुमचा फोन द्या. दोनी फोन बंद केलं आन् पिशवीत भडंगाच्या डब्याखाली घातलं."

"रेंज नव्हती म्हणून ना?"

"व्हती की. चांगली व्हती."

त्यांनी तारेचा आणखी एक फेरा उलटा सोडला.

"मग पान्यात गेली. गुडघ्याएवढ्या पान्यात फतकल मारून बसली, पार गळ्यापातूर बुडाली. मी काठावर प्यांट दुमडून हुबा. पवाय येतंय का तिला? म्हनलं, आगं ये भाईर. तर म्हनती, लहानपनी आमी टँकरमागं पळायचो, घागरभर पान्यासाठी केसं उपटायचो एकमेकींची. आता हे एवढं हाय, तर बसू द्या मला. मग मीच तुझं नाव काढलं. म्हनलं, ह्या ओंक्याचं कसं व्हायचं गं, कॉलेज सोडून बसलाय. तर अशी बघितली माझ्याकडं! म्हनली, आज पोरांचं नाव काढायचं न्हाई. तुमी बी न्हाई आन् मी बी न्हाई. आज मी कुनाची कोन न्हाई."

ऐकतेस ना? त्यांनी स्वतः माझा विषय काढला होता! ज्या माणसाला पेचात धरायला तू समुद्र ओलांडून गेलीस, तो आपणहून तावडीत सापडला होता, आणि तू त्याला गप्प केलंस!

"मग दिवसभर काय केलंत?" मी विचारलं.

"काय न्हाई. बसली पान्यात. बोटं पार सुरकुतली तिची. दुपारी भडंग खाल्लं. सांजच्याला म्हनली, अजून एक दिस ऱ्हाऊया का? म्हनलं, येडी का काय, उद्याचं बोटीचं तिकीट हाय, समदी जानार. म्हनली, जाऊ द्या बोट. मी न्हाई म्हनलो." सुटलेली तार पप्पांच्या मांडीवर गुंता होऊन पडली होती. "ऱ्हायाय पायजे व्हतं."

मी इथे दर तासाला फोन लावत होतो गं. सायलीला खोटं सांगत होतो, प्रणालीला खोटं सांगत होतो, आणि तू फोन बंद करून पाण्यात बसली होतीस. आधी मला फक्त हेच दिसलं. मी विषय होतो, काम होतो, तू ज्यासाठी गेलीस ते कारण होतो! आणि तू मला डब्याखाली दाबून ठेवलंस.

बरं, एक दिवस विसरलीस. विसर. पण परत आल्यावर? तेव्हा का नाही बोललीस? भ्यालीस? की तुलाही हे व्हायला नको होतं? ती भाकरी करपली ती कशानं करपली, आई? 'मला काय न्हाई रं' हे तू खरं म्हणालीस की माझं तोंड बंद करायला? हे मला आता कधीच कळणार नाही. बाकी सगळ्यातून सुटेन, यातून मी सुटणार नाही.

पण तेवढ्यात पप्पा म्हणाले, "तिनं न्हाई सांगितलं. आता तू सांग."

मी सांगितलं. तोंड वर न करता, एका दमात. नाव, गाव, लॅब, वडील शिक्षक, घरी बुद्धवंदना होते, रविवारी पाहुणे. पप्पा ऐकत राहिले. त्यांची चप्पल त्यांच्या पायाशी होती, मी तिच्याकडेच बघत होतो.

"तिच्या बापाला ठावं हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग माझ्याकडं काय आलास? पोरगी त्यांची. मी व्हय म्हनलो म्हनून देत्यात का ते? शिकल्याली मानसं. पयला प्रश्न इचारतील, पोरगा काय करतोय?"

"दुकान."

"दुकान माझं हाय. तुझं काय?"

आई, मी इतके दिवस समजत होतो की सगळं अडलंय ते पप्पांपाशी, आपल्या जातभाईंपाशी, आत्यापाशी. तिचे वडील मला नाकारू शकतात, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं! आपण 'हो' म्हणायचं आणि त्यांनी धन्य व्हायचं, असंच मी धरून चाललो होतो की नाही? कसला माज तो.

"मी एकटा मोटर भरू शकतो," शेवटी मी म्हणालो. "तुम्ही बघा नाहीतर बघू नका. भरलेली जळत नाही."

"येवढंच सांग त्यास्नी," पप्पा म्हणाले. "जास्त काय सांगू नगो." आणि मांडीवरचा गुंता सोडवत, "तुझ्या आत्याला काय सांगायचं ते माझं मी बघतो. उद्या मी येतो संगं. बोलायचं तुलाच हाय. मी नुसता बसतो."

मी बोळात जाऊन प्रणालीला फोन केला. ती आधी रडली, मग नेहमीसारखी तिची गाडी सुरू झाली. कुठला शर्ट घाल, वडील रागावले की चष्मा काढून पुसतात तेव्हा मध्ये बोलू नको. आणि मग हळूच म्हणाली, "एक सांगू? आईंची शेवटची इच्छा होती असं म्हण ना. माझे पप्पा बाकी कशानं नाही, पण गेलेल्या माणसाच्या शब्दानं पाघळतील."

मी खरंच विचार केला, आई. खोटं नाही बोलत, मला ते पटलं होतं. दवाखान्यात तू काय बोललीस ते कुणाला माहितीये? मी म्हणेन ते खरं. कुणाची टाप आहे नाही म्हणायची? पप्पासुद्धा गप्प बसले असते.

आता लिहिता लिहिता पप्पा पलीकडच्या खोलीत शर्टाला इस्त्री करतायत. कॉलर त्यांना जमत नाहीये, सायली शिकवतेय त्यांना. "आवं पप्पा, आधी मागनं!" म्हणतेय. तुझाच आवाज आहे तो, पण ते राहू दे. उजाडल्यावर आम्ही निघू. कराडवरून पाटण. प्रणालीनं घरी फक्त एवढंच सांगितलंय, की सांगलीहून दोन माणसं येणार आहेत.

आई, मला लय भीती वाटतेय. तिच्या घरचे चहासुद्धा देणार नाहीत कदाचित. रविवारचे पाहुणे रविवारी येतीलच कदाचित. आणि मी परत त्या यंत्रासमोर येऊन बसेन.

तरी तुला शब्द देतो. ते काहीही बोलू देत, मी आवाज चढवणार नाही. कॉलेज का सोडलं विचारलं तर सरांवर ढकलणार नाही. आणि तुझं नाव घेऊन काही मागणार नाही. तुझी शेवटची इच्छा होती, असं मी कुणालाही सांगणार नाही, तिथे नाही आणि पुढे कधीच नाही. तू मागितलेलं मला ठाऊक आहे ते एवढंच, अजून एक दिवस राहायचं होतं तुला. ते आम्ही तुला दिलं नाही. माझं जे आहे ते मी माझ्या तोंडानं मागेन.

तुझा,
ओंक्या